डोंगर-पाणी : चिनी निसर्गचित्रांची भाषा
(नभोवाणीवरील भाषण)

नभोवाणीवरून चित्रांविषयीं बोलणें म्हणजे बंद खोलींतून श्रोत्यांस चांदणें दाखविण्यासारखें आहे. तरीहि हा विषय मीं मुद्दाम घेतला. ज्या चित्रांविषयीं आज बोलावयाचें आहे तीं त्यांच्या देशांत नुसतीं पाहिलीं जात नसत; तीं वाचलीं जात. आणि वाचावयाची गोष्ट मोठ्यानें सांगतां येते, एवढ्या आधारावर हें धाडस करीत आहें.

आरंभ आपल्या घरापासूनच करूं. १९५० सालीं चांग ता-च्येन या नांवाचा एक चिनी चित्रकार मराठवाड्यांत अजिंठ्यास येऊन राहिला होता. वय पन्नाशीचें, छातीवर रुळणारी दाढी, अंगांत जुन्या वळणाचा पायघोळ चिनी झगा. स्वदेशांत त्याचें नांव फार मोठें होतें. पण १९४९ च्या राज्यक्रांतीच्या वेळीं त्यानें देश सोडला होता. त्याआधीं, १९४१ ते १९४३ या काळांत, त्यानें चीनच्या वायव्येस वाळवंटाच्या कडेला असलेल्या तुनहुआंग येथील बौद्ध गुंफांत मुक्काम ठोकून तेथील भित्तिचित्रांच्या २७६ प्रतिकृति तयार केल्या होत्या. ही चित्रकला बौद्धधर्माबरोबर भारतांतून गेली असें पुष्कळ जण म्हणत. तेव्हां तुनहुआंग आणि अजिंठा हीं मनांत शेजारीं ठेवून ताडून पाहावीं, या हेतूनें तो येथें आला आणि येथील चित्रांच्याहि नकला करीत बसला.

अजिंठ्याशीं संबंध आलेला तो पहिलाच चिनी माणूस नव्हे. सातव्या शतकांत, दुसऱ्या पुलकेशीच्या राजवटींत, ह्युएनत्संग महाराष्ट्रांत आला होता. अंधाऱ्या दरींतला, दाराशीं दगडी हत्ती असलेला एक विहार त्यानें वर्णिला आहे. तो अजिंठ्याचाच असें बहुतेक विद्वान मानतात. तो तेथें स्वतः गेला होता कीं ऐकीव माहितीवर त्यानें लिहिलें, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. चांग ता-च्येन मात्र निश्चित गेला होता, आणि आपल्याला आज हवा आहे तो त्याचा डोळा. डोंगर आणि पाणी पाहण्यांत दीड हजार वर्षें मुरलेल्या परंपरेचा हा डोळा अजिंठ्याच्या भिंतींपुढें उभा राहिला तेव्हां त्याला काय दिसलें असेल?

बाहेर डोंगर भरपूर आहे. वाघोरा नदीनें नालेच्या आकाराची दरी कोरली आहे आणि पावसाळ्यांत तेथें धबधबा कोसळतो. परंतु आंत, चित्रांत, हा डोंगर कोठें आहे? आहे, पण एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांच्या उतरंडीसारखा. एक प्रसंग संपला, दुसरा सुरू झाला, हें सांगण्यासाठीं मध्यें चार खडक मांडावे, एवढेंच त्याचें काम. झाडें पानापानानें ओळखतां येतात; दहाव्या लेण्यांतील षड्दंत जातकाचें अरण्य तर जिवंत आहे. पण तेथेंहि कथा हत्तींची आहे, अरण्याची नाहीं. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि डोळे किंचित् झुकवून उभा आहे आणि त्याच्या त्या झुकलेल्या पापण्यांत साऱ्या जगाचें दुःख सामावलें आहे. आपल्या चित्रकारानें जें माणसाच्या मुखावर लिहिलें, तें चिनी चित्रकारानें दगडावर, धुक्यावर आणि पाण्यावर लिहिलें. दोन्ही परंपरांतील खरा भेद मला हा वाटतो.

चिनी भाषेंत निसर्गचित्राला ‘शान-श्वे’ असा शब्द आहे. शान म्हणजे डोंगर आणि श्वे म्हणजे पाणी. आपण ‘देखावा’ म्हणतों, तेव्हां पाहणारा आधीं येतो आणि पाहिलेली वस्तु मागून. चिनी शब्दांत पाहणारा मुळींच नाहीं. आहेत तीं दोन महाभूतें. डोंगर स्थिर, कठीण, उन्हांत तापलेला. पाणी चंचल, मृदु, सांवलींत वाहणारें. चिनी तत्त्वज्ञान ज्या ‘यांग’ आणि ‘यिन्’ या दोन तत्त्वांवर उभें आहे, त्यांचीच हीं दृश्य रूपें. अकराव्या शतकांतील कुओ शी या चित्रकाराचे विचार त्याच्या मुलानें लिहून ठेवले आहेत. त्यांत पाणी ही डोंगराची रक्तवाहिनी, झाडझाडोरा हे त्याचे केस, अशी सारी कल्पना शरीराची आहे. पाण्यावांचून डोंगर म्हणजे प्रेत. हें समजण्यास आपल्या भागांत विद्वत्ता लागत नाहीं. नांदेडकरांनीं गोदावरी दुथडी भरलेली पाहिली आहे, आणि लातूरकरांनीं २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी पाहिलें आहे. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी आलें. ज्यांनीं त्या गाडीची वाट पाहिली, त्यांना मुलुखाचें नांव ‘डोंगर-पाणी’ असावें यांत नवल वाटणार नाहीं.

आतां एक चित्र डोळ्यांपुढें आणण्याचा प्रयत्न करूं. तें फान क्वान यानें सुमारें इसवी सन १००० च्या आसपास रेशमी वस्त्रावर काढलें असून आज तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयांत आहे. उंची दोन मीटरांहून थोडी अधिक, रुंदी जेमतेम एक मीटर; म्हणजे आपल्या घरच्या दाराएवढें. या दारांतून पाहिलें म्हणजे समोर एकच प्रचंड पर्वत उभा. चित्राचा वरचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग त्यानें व्यापला आहे. त्याच्या माथ्यावर दाट झुडुपें; उजव्या अंगाच्या खांचेंतून धबधब्याची एकच बारीक, पांढरी रेघ सरळ खालीं उतरते. पर्वताच्या पायथ्याशीं धुकें, म्हणजे कांहींच न रंगविलेलें रेशीम. त्याखालीं झाडींत एका मंदिराचीं छपरें, आणि अगदीं तळाशीं एक वाट. त्या वाटेनें ओझ्याचीं खेचरें हांकीत दोन माणसें चाललीं आहेत. तीं पहिल्यानें दिसतच नाहींत. दिसलीं म्हणजे मात्र दृष्टि तेथून हलत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें वर पाहिलें कीं मगच पर्वताची उंची कळते.

या चित्रावर चित्रकाराची सही नाहीं, असें कित्येक शतकें समजत. १९५८ सालीं एका संशोधकाला ती सांपडली. खेचरांच्या मागच्या झाडींत, पानांच्या रेघांमध्यें, फान क्वानचीं अक्षरें लपलेलीं होतीं! आपलें नांव कोठें असावें याविषयीं त्या माणसाची जी समजूत होती तीच त्याच्या चित्राचीहि समजूत आहे. आपल्याकडे चित्राच्या कोपऱ्यांत लफ्फेदार सही करणाऱ्यांनीं यावरून रागावूं नये; काळ निराळा होता.

हीं चित्रें ज्या साहित्यानें काढीत तें पाहिलें तर आपल्याला ओळखीचें वाटेल. देवदाराच्या जातीच्या लाकडाची काजळी डिंकांत, म्हणजे प्राणिज सरसांत, खलून तिची कांडी करावयाची. ती दगडावर थोड्या पाण्यांत, आपण सहाणेवर चंदन उगाळतों तशी, उगाळावयाची. शाई झाली. पाणी कमीअधिक घातलें कीं तिच्यांतून गडद काळ्यापासून धुरकट करड्यापर्यंत सारे पदर निघतात, आणि काळ्यांतच पांच रंग असतात असें चिनी रसिक म्हणत. ज्या कुंचल्यानें चित्र काढावयाचें त्याच कुंचल्यानें पत्रहि लिहावयाचें. त्यामुळें सुशिक्षित माणसाचा हात लहानपणापासूनच चित्राच्या वळणाचा झालेला असे. रेशमावर वा कागदावर पडलेली रेघ पुसतां येत नाहीं. म्हणून रेघ ओढण्याआधीं मनांत पर्वत पुरा झालेला असावा लागे. खडकाचें अंग दाखविण्यासाठीं वेगवेगळ्या रेघा ठरलेल्या होत्या. फान क्वानच्या रेघांना पावसाचे थेंब म्हणत. दुसऱ्या कांहींना तागाचे धागे, तर कांहींना कुऱ्हाडीचे घाव. बालाघाटाच्या काळ्या, थराथराच्या कातळांना ही शेवटची रेघ शोभेल असें मला राहून राहून वाटतें.

आपल्याकडे निसर्गचित्र म्हणून जी कला आली ती इंग्रजी जलरंगांच्या वाटेनें, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं याच वळणानें आपल्या परिसराचीं अप्रतिम चित्रें काढलीं. तीं पाहतांना आपण एका जागीं, एका वेळीं, खिडकींत उभें राहिल्यासारखे असतों. चिनी चित्र ही खिडकी मोडून टाकतें. कुओ शीनें तीन प्रकारचीं अंतरें सांगितलीं आहेत : पायथ्यावरून शिखराकडे पाहण्याचें, अलीकडच्या डोंगरावरून पलीकडच्या डोंगरांत डोकावण्याचें, आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या सपाटीवर नजर सोडण्याचें. एकाच चित्रांत हीं तिन्ही चालतात, कारण पाहणारा उभा नसून चालत आहे असें गृहीत धरलेलें असतें. आडवीं चित्रें तर गुंडाळी करून ठेवीत. आपल्याकडे जुन्या जन्मपत्रिकेची लांब गुंडाळी असे तशी ती हातभर उलगडावयाची, पाहिलेला भाग गुंडाळीत जावयाचा, आणि पुढचा उलगडावयाचा, उजवीकडून डावीकडे. पूल ओलांडला, झोंपडी मागें पडली, नदी रुंदावली. आणि ज्यांच्या ज्यांच्या हातीं तें चित्र गेलें त्यांनीं त्यांनीं त्यावर तांबडे शिक्के उमटवावे, हवें तर चार ओळीहि लिहाव्या. आपल्याकडील जुन्या सनदेवर मोर्तब पाहण्याची संवय असलेल्यांना तें फारसें खटकणार नाहीं.

आतां संकेतांकडे वळूं. येथें जरा सावधपणें बोललें पाहिजे, कारण या विषयावरील पुष्कळ पुस्तकांत कोष्टकें दिलेलीं असतात : अमुक झाड म्हणजे अमुक गुण. देवदार म्हणजे दीर्घायुष्य व निष्ठा, कारण तो हिंवाळ्यांतहि हिरवा. बांबू म्हणजे विनय, कारण तो आंतून पोकळ, आणि वाऱ्यानें वांकतो पण मोडत नाहीं. हिमांत फुलणारा प्लमचा वृक्ष म्हणजे विपत्तींतील धैर्य. या तिघांस ‘हिंवाळ्याचे तीन मित्र’ म्हणतात. सारस म्हणजे आयुष्य, रानहंसांची रांग म्हणजे दूरच्या माणसाचें पत्र. कमळाविषयीं आपल्यास सांगावयास नकोच. चिखलांतून निर्मळ वर येण्याची त्याची ख्याति बौद्धांबरोबर तिकडे गेली. हीं समीकरणें खोटीं नव्हेत, पण तेवढ्यानें चित्र कळलें असें समजणारा माणूस निघंटु पाठ करून वैद्य झालेल्यासारखा आहे.

कोळ्याचें उदाहरण घ्या. चिनी निसर्गचित्रांत एका लहानशा होडींत बसलेला, गळ टाकलेला कोळी वरचेवर दिसतो. तो खरा कोळी क्वचितच असतो. चीनमध्यें विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांतून अधिकारी निवडीत. म्हणजे चित्र काढणारा, विकत घेणारा आणि पाहणारा, हे बहुधा सरकारी नोकरींतले किंवा तींतून बाहेर पडलेले गृहस्थ. दरबारांत कारस्थानें चाललेलीं, वरिष्ठांचा रोष, बदलीची भीति! अशा माणसाच्या भिंतीवरील कोळी म्हणजे राजीनामा देण्याचें त्याचें स्वप्न होय. आजच्या कचेरींतल्या मंडळींना हें निराळें समजावून सांगण्याची गरज आहे असें वाटत नाहीं. राजा मात्र याच डोंगरांत दुसरेंच वाची. कुओ शीच्या मतें मधलें उंच शिखर राजासारखें असावें व भोंवतालचीं शिखरें दरबाऱ्यांसारखीं नम्र. त्याचें १०७२ सालचें ‘वसंतारंभ’ हें चित्र याच दृष्टीनें राजाला प्रिय झालें असावें. पुढें राजा बदलला, आवड बदलली, आणि राजवाड्यांतील कारागीर कुओ शीच्या चित्रांच्या रेशमानें मेजें पुसत, असें बाराव्या शतकांतील एका ग्रंथकारानें नमूद करून ठेवलें आहे.

रिकाम्या जागेचा अर्थहि असाच बदलत जातो. ११२७ सालीं सुंग घराण्यानें उत्तर चीन गमावला आणि राजधानी दक्षिणेस हांगचौ येथें आली. तेथील दरबारी चित्रकार मा युआन हा सारें चित्र एका कोपऱ्यांत काढी व उरलेलें वस्त्र धुक्याला देऊन टाकी. त्याला लोक ‘एका कोपऱ्याचा मा’ म्हणत. अर्धें राज्य गेलें म्हणून चित्रहि अर्धें, असा याचा अर्थ पुढच्या टीकाकारांनीं लाविला. मला तो ओढूनताणून काढलेला वाटतो. राजाच्या पदरीं असलेला चित्रकार राजाच्याच पराभवाचें चित्र त्याच्या पुढ्यांत मांडील हें कठीण आहे. पण ज्यांनीं हा अर्थ काढला त्यांना तो काढावासा वाटला, ही गोष्ट खरीच, आणि ती कांहींतरी सांगते.

दीडशें वर्षांनीं मात्र एकानें उघड बोलून दाखविलें. १२७९ सालीं मोंगलांनीं सुंग राज्य पुरतें बुडविलें. त्यानंतर चेंग सु-श्याओ नांवाचा एक विद्वान घरांत एकटा बसून ऑर्किडचीं रोपें रंगवीत असे. पातीं, फूल, मुळें, सर्व कांहीं बरोबर. पण मुळांखालीं जमीन नाहीं. रोप अधांतरीं. लोकांनीं विचारलें, माती कां काढली नाहीं? माती परक्यांनीं चोरून नेली, तुम्हांला ठाऊक नाहीं काय, असें त्याचें उत्तर असल्याची कथा आहे. त्याच्या हातचें एक असें चित्र, १३०६ सालचें, आज जपानांत ओसाका येथें आहे. चित्रांत मोजक्याच रेघा आहेत.

मी हें लिहीत असतांना माझ्या डोळ्यांपुढें किल्लारी आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारों माणसें गेलीं, आणि पन्नासाहून अधिक गांवें मूळ जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. सरळ रस्ते, रांगेनें घरें, सारें सोयीचें. परंतु जुनी वेस, पाराचें झाड, ज्या आडाला पाणी होतें तो आड, हीं कोणत्याहि योजनेंत उचलून आणतां येत नाहींत. जुन्या गांवाचा नकाशा ज्यांच्या डोक्यांत आहे अशीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. त्यांतील कोणी कागदावर गांव काढूं लागला तर तो शास्त्रशुद्ध नकाशा होणार नाहीं. वेस फार मोठी होईल आणि नदी अंगणाजवळ येईल. चिनी निसर्गचित्र ज्या गरजेंतून निघालें ती गरज याहून फारशी निराळी नव्हती.

कारण या कलेवर लिहिणारा पहिल्यांपैकीं जो एक, तो त्सुंग पिंग, त्याची हकीकत हीच आहे. ३७५ ते ४४३ हा त्याचा काळ. हा बौद्ध उपासक जन्मभर डोंगर हिंडला; सरकारी नोकरीचीं बोलावणीं आलीं तीं त्यानें परत पाठविलीं. म्हातारपणीं पाय चालेनात, तेव्हां घरीं परतून पूर्वीं पाहिलेले पर्वत त्यानें आपल्या खोलीच्या भिंतींवर रंगविले. अंथरुणांत पडल्या पडल्या तो त्यांत प्रवास करी. तंतुवाद्य वाजवीत बसे तेंहि अशा इच्छेनें कीं चित्रांतल्या डोंगरांनीं प्रतिध्वनि द्यावा. तीर्थयात्रेचें पुण्य घरबसल्या मिळावें म्हणून मानसपूजा करणाऱ्या आपल्या आजीबाईंना हा मनुष्य लगेच समजला असता. या निजून केलेल्या प्रवासासाठीं चिनी भाषेंत स्वतंत्र शब्दच पडला आहे, आणि चित्र चांगलें कीं वाईट हें ठरवितांना कुओ शीहि हाच प्रश्न विचारतो कीं त्यांत नुसतें पाहतां येतें, चालतां येतें, कीं राहतां येतें? राहतां येईल तें श्रेष्ठ.

तरुणपणीं त्सुंग पिंग ज्या हुइ-युआन नांवाच्या भिक्षूच्या सहवासांत होता, त्याचा मठ यांगत्से नदीजवळच्या लू पर्वतावर होता. हा पर्वत लक्षांत ठेवा.

चांग ता-च्येन अजिंठ्याहून दार्जिलिंगला गेला. तेथून पुढें हाँगकाँग, मग अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका, आणि शेवटीं १९७० नंतरच्या दशकांत तैवान. मायदेशीं तो परत कधींच गेला नाहीं. ब्राझीलमध्यें त्यानें तळें खणून, झाडें लावून एक चिनी बाग उभी केली होती. मधुमेहामुळें डोळे अधू झाले तेव्हां त्यानें बारीक रेघा सोडल्या आणि निळा व हिरवा रंग वस्त्रावर ओतून, तो पसरेल त्या रूपांत डोंगर शोधावयास आरंभ केला. १९८१ सालीं, ब्याऐंशींव्या वर्षीं, त्यानें रेशमाचा सुमारें दहा मीटर लांब व पावणेदोन मीटर उंच पट मांडून त्यावर लू पर्वत काढावयास घेतला. या पर्वतावर तो जन्मांत कधीं गेला नव्हता, आणि आतां जाणें शक्यहि नव्हतें. मेजाभोंवतीं फिरवेना तेव्हां त्याला उचलून धरीत, असें सांगतात. डावीकडून उजवीकडे शिखरांच्या रांगा, त्यांतून सांडलेली निळाई, मध्यें मध्यें पांढरें धुकें, आणि झाडींतून वर जाणारी एक वाट. जानेवारी १९८३ मध्यें तें तैपेईस लोकांपुढें मांडलें गेलें. एप्रिलच्या दुसऱ्या तारखेस तो वारला. चित्रावर अजून हात फिरवावयाचा राहिला होता.